पुण्याचा पावसाळा आणि अंगाची त्वचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात फार्मासिस्ट आहे. मृग लागला की दुकानात आणि फोनवर येणारे प्रश्न बदलतात आणि गणपती उठेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. चेहऱ्याबद्दल सगळीकडे लिहून येतं, म्हणून इथे फक्त मानेखालचं: काखा, जांघा, पाठ, पावलं. जे डॉक्टरांनीच ठरवायला हवं, तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे.

१. पावसाळ्यात हवा गार असते, मग अंगाला खाज उन्हाळ्यापेक्षा जास्त का सुटते?

पुण्याचा उन्हाळा कोरडा असतो. पारा ४० अंशांना टेकला तरी घाम आला तसा उडून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचं तापमान २८ अंशांच्या आसपास उतरतं, पण हवेतली आर्द्रता बरेचदा ८० टक्क्यांच्या वर जाते. अशा हवेत घाम कमी आला तरी आलेला जात नाही. काखेत, जांघेत, पायाच्या बोटांमध्ये तो साचतो, त्वचेचा वरचा थर पाणी पिऊन फुगतो, पांढरट आणि मऊ पडतो आणि जरा घासला तरी सोलवटतो. बुरशीला ऊब आणि ओल दोन्ही तिथेच मिळतात. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने येईल: अंग कोरडं ठेवा.

२. दिवसातून किती वेळा आंघोळ करावी? साबण कोणता?

एकदा पुरते. भिजून किंवा घामेजून घरी आलात तर संध्याकाळी पुन्हा करा. पाणी कोमट घ्या. कढत पाण्याने खाज तेवढ्यापुरती थांबते आणि नंतर वाढते. साबण साधा, सौम्य चालतो. तो काखा, जांघा आणि पावलांना लावा. हातापायांना रोज फेसात घोळवायची गरज नसते. अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक ओतण्याची सवय बऱ्याच घरांत आहे. त्याने निरोगी त्वचा कोरडी आणि चुरचुरीत होते, बुरशी मात्र जात नाही.

खरं काम आंघोळीनंतर सुरू होतं. घड्यांमधलं पाणी टिपून काढा, रगडून पुसू नका. मग पंख्याखाली दोन मिनिटं थांबा आणि नंतरच कपडे घाला. सकाळच्या घाईत हीच दोन मिनिटं गाळली जातात.

३. हवा एवढी दमट असताना मॉइश्चरायझर कशाला? आणि तेल लावलं तर?

पोटऱ्या, कोपर, टाचा पावसाळ्यातही कोरड्या पडतात, विशेषतः दिवसभर एसीत बसणाऱ्यांच्या. तिथे पातळ लोशन आंघोळीनंतर लगेच, अंग किंचित ओलसर असताना लावा. खोबरेल तेलही पोटऱ्यांना, हातांना चालतं. काखेत, जांघेत, स्तनांखाली आणि बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल नको, लोशनही नको. पाठीवर शिबं येत असतील तर पाठीलाही तेल नको. कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

४. टाल्कम पावडर लावली की कोरडं राहतं ना?

कोरड्या त्वचेवर पातळ थर लावलात तर थोडा वेळ राहतं. ओल्या काखेत भरपूर थापली की तिचा लगदा होतो, त्याच्या गोळ्या घड्यांत अडकतात आणि त्वचा घासली जाते. बुरशीवरची औषधी पावडर वेगळी. तिचा उपयोग पायमोजे घालण्याआधी, बरं झाल्यावर पुन्हा होऊ नये म्हणून चांगला होतो. लहान बाळांना कोणतीच पावडर नको, ती श्वासातून आत जाते.

५. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. आतले कपडे किंचित दमट असले तर चालतात का?

नाही. या पानावरची एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात सगळं बाल्कनीतल्या दांड्यांवर नाहीतर हॉलमधल्या स्टँडवर एकमेकांना चिकटून टांगलेलं असतं. निकर हाताला कोरडी लागते, पण इलॅस्टिकची पट्टी आणि जांघेची जाड शिवण ओलीच असते. ती दोन बोटांत दाबून धरा, गार आणि जड लागली तर वाळलेली नाही. ही ओली शिवण दिवसभर नेमकी जांघेच्या घडीत बसते आणि गजकर्णाचा पहिला चट्टा बहुतेक तिथेच उमटतो.

यावर महागडा उपाय लागत नाही. आतले कपडे, मोजे आणि टॉवेल आधी वाळवायचे, पंख्याखालची जागा त्यांची. जीन्स आणि चादरी नंतर. मशीनमध्ये जास्तीचा एक स्पिन द्या. कपड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा. घालण्याआधी आतला कपडा उलटा करून इलॅस्टिक आणि शिवणीवरून गरम इस्त्री फिरवा. ओल तर जातेच, बुरशीलाही उष्णता सोसत नाही. सहा-सातच जोड असतील तर पावसाळ्यापुरते आणखी चार घ्या, सुती आणि सैल. जाड टर्किश टॉवेल चार महिने कपाटात जाऊ द्या आणि पातळ पंचे वापरा. पंचा रात्रीतून वाळतो, टॉवेल दुसऱ्या दिवशीही कुबट वास मारत असतो. तो वास आला की त्याने अंग पुसू नका, पुन्हा धुवायला टाका.

घरात कुणाला गजकर्ण किंवा खरूज असेल तर त्यांचे कपडे वेगळे ठेवा, गरम पाण्यात धुवा. टॉवेल प्रत्येकाचा स्वतंत्र हवा.

६. कोथरूडहून हिंजवडीला टू-व्हीलरवर जातो. रेनकोट असूनही पँट ओली होते आणि तसंच आठ तास बसावं लागतं. काय करू?

दोन ठिकाणांहून पाणी येतं. एक, गाडीच्या सीटचा फोम. रात्रभर पाणी प्यायलेला फोम बसल्याबसल्या पँटमध्ये उतरतो. सीटला प्लास्टिकचं कव्हर घाला. दुसरं, रेनकोटच्या आतला तुमचाच घाम. ऑफिसला पोचल्यावर रेनकोट पिशवीत कोंबू नका, उलटा करून टांगा.

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक पँट, एक निकर, मोजे आणि पंचा कायम ठेवा. वर एसी चालू आहे म्हणून ओली पँट अंगावर वाळेल या भरवशावर राहू नका. बसून बसून मांडीखाली आणि जांघेत ती शेवटपर्यंत दमटच राहते. बूट वाळत नसतील तर दोन जोड आलटून पालटून घाला, किंवा जाण्यायेण्यासाठी मोकळ्या सँडल आणि बूट ऑफिसात.

७. पायाच्या बोटांमध्ये पांढरं पडतं, चिरतं, वास येतो. या चिखल्याच का?

बहुधा हो. चिखल्या साधारणतः करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात सुरू होतात, कारण तिथे बोटं सगळ्यात जवळ चिकटलेली असतात. पावलं धुवून प्रत्येक बेचकं वेगळं पुसा. त्यासाठी पंच्याचं टोक पुरतं. क्लोट्रिमॅझोलसारखं बुरशीवरचं साधं मलम दोन वेळा, पातळ लावा. झोपताना बोटांमध्ये कोरड्या कापसाची किंवा गॉझची छोटी पट्टी ठेवली तर रात्रभर हवा खेळती राहते. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा पाऊल सुजलं आणि लाली वर चढू लागली, तर डॉक्टरकडे जा. मधुमेह असेल तर आधी प्रश्न १५ वाचा.

८. जांघेत गोल चट्टा आहे, कडेला लाल आणि मधे साफ. हे गजकर्ण की नुसती घासल्याची जळजळ?

कड उठावदार आणि खवलेदार, मधला भाग साफ होत जाणारा आणि चट्टा दर आठवड्याला बाहेर सरकणारा असेल तर गजकर्ण. घासल्याने झालेली जळजळ दोन्ही मांड्यांवर सारखी, सपाट लाल असते, ती खाजेपेक्षा झोंबते जास्त आणि कोरडं ठेवल्यावर दोन-चार दिवसांत उतरते. घडीत ओलसर लाल भाग असून आजूबाजूला बारीक पुटकुळ्या पसरलेल्या दिसल्या तर ती कँडिडा नावाची दुसरी बुरशी असू शकते. जाड माणसांत, मधुमेहींत आणि स्तनांखाली ती जास्त दिसते. खात्री नसेल तर मलम लावण्याआधी दाखवा. डॉक्टर चट्ट्याच्या कडेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघू शकतात, आणि आधीच मलम फासलेलं असेल तर ते कठीण जातं.

९. मेडिकलमधून ती खाजेची ट्यूब आणली की दोन दिवसांत बरं वाटतं. मग डॉक्टरकडे कशाला जायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि त्याचंच उत्तर सगळ्यात मनापासून द्यावंसं वाटतं.

त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र असतात: बुरशीवरचं एक, जंतूंवरचं एक आणि सोबत स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते ती स्टेरॉइडमुळे. ते त्वचेची प्रतिकारशक्ती दाबतं, लाली उतरते, आणि बुरशी मात्र आता कुणी अडवायला नाही म्हणून निवांत पसरते. ट्यूब बंद केली की चट्टा दुप्पट होऊन परततो. माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. असं वर्षभर चाललेले लोक मी पाहतो. त्यांचा चट्टा जांघेतून कमरेवर, पोटावर, पाठीवर गेलेला असतो आणि त्याची ओळखीची गोल कडही राहिलेली नसते, त्यामुळे डॉक्टरांनाही निदान जड जातं. जांघेची त्वचा पातळ असल्याने स्टेरॉइड तिथे जास्त शोषलं जातं. मग त्वचा कागदासारखी होते, जांभळट-पांढऱ्या रेघा पडतात आणि त्या रेघा जन्मभर राहतात.

ट्यूब हातात घेऊन घटकांची नावं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं काहीही असेल तर ती स्टेरॉइडची ट्यूब आहे. क्लोबेटासोल तर त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमध्ये सगळ्यात कडक गटातलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मागितल्यावर दुकानदाराने नकार दिला तर रागावू नका. ही मलमं वाईट नाहीत. इसब, सोरायसिससारख्या आजारांत डॉक्टर ती मोजून मापून देतात. बुरशीवर ती आपण होऊन लावायची नाहीत, एवढंच.

आधीच बरेच दिवस लावत असाल तर एकदम सोडल्यावर लाली आणि आग वाढू शकते. त्वचारोगतज्ज्ञांना ती ट्यूब दाखवा आणि किती दिवस लावली ते खरं सांगा.

१०. औषध पूर्ण केलं तरी गजकर्ण दर पावसाळ्यात परत येतं. असं का?

बहुतेकदा औषध ‘पूर्ण’ झालेलं नसतं. खाज दहा दिवसांत थांबते आणि ट्यूब कपाटात जाते. चट्टा पूर्ण दिसेनासा झाल्यावरही किमान दोन आठवडे लावत राहायचं असतं, आणि चट्ट्याच्या कडेबाहेर साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत. बुरशी दिसते त्यापेक्षा पुढे गेलेली असते.

दुसरं कारण घरातलं. नवरा औषध घेतो, बायको संकोचाने बोलत नाही, मुलाच्या पाठीवरचा चट्टा कुणी बघितलेलाच नसतो. अशा वेळी घरातल्या सगळ्यांना तपासून एकाच वेळी उपचार लागतात. नखांतही बुरशी असू शकते, ती हाताने पुन्हा अंगावर येते.

तिसरं कारण अलीकडचं. आपल्याकडे पसरलेल्या एका जातीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव मिळालं. टर्बिनाफिन हे पूर्वी हमखास चालणारं औषध तिच्यावर बरेचदा चालत नाही. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला पडेलच असं नाही. गोळ्या मनाने मुळीच घेऊ नका. इट्राकोनाझोल काही हृदयविकारांत चालत नाही आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या काही गोळ्यांसोबत घेणं धोक्याचं असतं. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा.

११. पाठीवर, छातीवर पांढुरके डाग आलेत, खाज फारशी नाही. हे कोड तर नाही?

बारीक खवले असलेले, फिकट पांढरे किंवा तपकिरी, एकमेकांत मिसळत जाणारे डाग असतील तर ती शिबं. हलकेच खरवडल्यावर कोंड्यासारखी भुकटी निघते. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा आणि गुळगुळीत असतो. शिबं मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीने येतात. ती सगळ्यांच्याच अंगावर असते, त्वचेच्या तेलावर जगते आणि दमट हवेत माजते. म्हणूनच तेल लावू नका म्हटलं. हा डाग एकमेकांना लागत नाही.

कीटोकोनाझोलचा शाम्पू पाठीला लावून पाच-दहा मिनिटं ठेवून धुवायचा, असा उपाय डॉक्टर बरेचदा देतात. बुरशी गेली तरी रंग भरायला काही महिने लागतात. तेवढ्यात औषध लागू पडलं नाही समजून नवीन काही सुरू करू नका. खवले गेले असतील तर ते लागू पडलेलं आहे.

१२. घरात सगळ्यांनाच रात्री भयंकर खाज सुटते. घामोळ्या असतील का?

घामोळ्या रात्र पाहून खाजत नाहीत आणि घरभर पसरत नाहीत. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, काखेत बारीक पुळ्या आणि अंथरुणात शिरल्यावर वाढणारी खाज असेल तर खरजेचा संशय घ्या. तिचा बुरशीशी संबंध नाही, त्वचेत बीळ करणारा बारीक किडा तिच्यामागे असतो. ५ टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून पायांच्या तळव्यांपर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्री लावून सकाळी धुवायचं आणि आठवड्याने पुन्हा. घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री, ज्याला खाज नाही त्यानेही. बाळ आणि गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. धुता न येणाऱ्या वस्तू आठवडाभर पिशवीत बांधून ठेवल्या की पुरतं. उपचारानंतरही खाज दोन-चार आठवडे रेंगाळते.

१३. रात्री काही नव्हतं, सकाळी मानेवर भाजल्यासारखा लांब पट्टा. सगळे नागीण म्हणतात. खरंच?

पावसाळ्यात याचं कारण बरेचदा एक लहान किडा असतो. मुंगीसारखा लांबट, नारिंगी आणि काळे पट्टे असलेला. तो दिव्याकडे येतो, अंगावर बसतो आणि झोपेत आपण त्याला चिरडतो. तो चावत नाही. चिरडल्यावर त्याच्या अंगातला दाहक रस त्वचेला लागतो आणि १२ ते ४८ तासांनी हात ओढला गेला त्या रेषेत लाल पट्टा आणि पुटकुळ्या येतात. कोपराच्या घडीत झाला तर दोन्ही बाजूंना आरशासारखे दोन डाग.

किडा दिसला तर फुंकर मारून किंवा कागदावर घेऊन काढा आणि ती जागा साबणाने धुवा. हात डोळ्यांना लावू नका.

नागिणीत अंगाच्या एकाच बाजूला पट्टा येतो आणि बरेचदा पुरळ येण्याआधी दोन-तीन दिवस तिथे ठणका लागतो. तसं असेल तर वाट पाहू नका. नागिणीचं औषध पुरळ आल्यापासून ७२ तासांत सुरू झालेलं चांगलं.

१४. ढोल-ताशा पथकात आहे. सरावानंतर कमरेला जिथे ढोल बांधतो तिथे सोलवटतं. सराव सोडायचा नाही. काय करू?

सोडू नका. ढोलाचा भार आणि घासणं कमरेच्या एकाच पट्ट्यावर तासन्‌तास येतं, खाली घामाने भिजलेला टी-शर्ट. दोऱ्याखाली कोरड्या सुती कापडाची रुंद घडी घ्या आणि मधल्या सुट्टीत ती बदला, म्हणजे दोन-तीन घड्या सोबत हव्यात. घासणाऱ्या पट्ट्यावर आधी व्हॅसलीनचा पातळ हात चालेल. घड्यांमधला तेलाचा नियम इथे लागत नाही, कारण इथे त्रास घासण्याचा आहे. सराव संपला की गप्पांना थांबण्याआधी टी-शर्ट बदला. सोलवटलेल्या जागेतून पाणी येऊ लागलं किंवा पिवळी खपली धरली तर दोन-चार दिवस ध्वज किंवा झांजा घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. कमरपट्टे एकमेकांचे वापरू नका.

आषाढी वारीला चालणाऱ्यांचं गणितही हेच. पाऊल ओल्या मोज्यात घासलं की फोड येतो. मोजे दुपारच्या विसाव्याला बदला, फोडाची साल काढू नका.

१५. मला मधुमेह आहे. वेगळं काही?

हो. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर जखम झालेली कळतच नाही. रोज रात्री उजेडात दोन्ही तळवे आणि बेचकी बघा, स्वतःला दिसत नसेल तर घरातल्यांना बघायला सांगा. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नका. गरम पाण्यात पाय बुडवून बसू नका, चटका कळत नाही. चिखल्यांची चीर ही तुमच्यासाठी जंतूंना उघडलेली वाट आहे, त्यामुळे प्रश्न ७ मधला दोन-तीन आठवड्यांचा अवधी तुम्हाला नाही. चीर दिसल्या दिवशी दाखवा. घड्यांत बुरशी पुन्हा पुन्हा येत असेल तर साखर तपासा. कित्येकांचा मधुमेह असाच पहिल्यांदा लक्षात येतो.

१६. कडुलिंबाचा पाला, हळद, लसूण लावला तर?

कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ करायला हरकत नाही, फक्त त्याने गजकर्ण बरं होईल असं धरून औषध लांबवू नका. हळदीचा लेप सुकून घड्यांत पुन्हा ओल धरतो. लसूण आणि लिंबू चट्ट्यावर चोळू नका. लसणाने कातडी भाजते, फोड येतात आणि मग मूळ आजार कोणता होता हेही कळेनासं होतं.

१७. बाळाच्या मानेच्या आणि जांघेच्या घड्यांत लाल झालंय. तेलाची मालीश बंद करू का?

मालीश हातापायांना, पाठीला चालू ठेवा, तेल थोडं घ्या आणि आंघोळीत ते नीट निघू द्या. मानेखालच्या घडीत दूध ओघळून साचतं, ते दर वेळी ओल्या मऊ कापडाने पुसून कोरडं करा. डायपर भरण्याची वाट न बघता बदला आणि दिवसातून काही वेळ बाळाला मोकळं ठेवा. झिंक ऑक्साइडचं मलम लावता येतं. लाल भागाच्या कडेला बारीक पुटकुळ्या दिसल्या तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मोठ्यांची ट्यूब बाळाला कधीही लावू नका, कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

१८. गरोदर आहे आणि जांघेत गजकर्ण झालंय. काहीच लावायचं नाही का?

असं नाही. क्लोट्रिमॅझोलसारखी लावायची काही औषधं डॉक्टर गरोदरपणात देतात. बुरशीवरच्या गोळ्या मात्र सहसा टाळतात. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना विचारून सुरू करा. संकोचाने सोसत बसू नका, पुढे पोट वाढल्यावर घड्या अजून दमट राहतात.

१९. कोणत्या लक्षणांत त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा?

पाय एकाएकी लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप. लाली तासागणिक वर सरकणं. डोळ्याजवळची नागीण. आणि एक त्वचेपलीकडचं: अंगावर जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालला असाल आणि पुढच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो.

२०. गजकर्ण गेलं, पण काळा डाग राहिला. तो घालवायला कोणतं क्रीम?

कोणतंच नको, निदान सध्या. कड सपाट आहे, खवले नाहीत, खाज नाही, म्हणजे आजार गेलेला आहे. उरलेला रंग काही महिन्यांत आपोआप फिका होतो. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पुन्हा स्टेरॉइडच असतं. डाग घासू नका, उघड्या भागावर असेल तर ढगाळ दिवशीही सनस्क्रीन लावा. डागाला पुन्हा कड धरू लागली तर मात्र प्रश्न १० पासून परत सुरुवात करावी लागेल.